डॅशहुंडचे मागचे पाय अचानक लटपटू लागले आहेत. थांबून पाहावे का?

प्रश्न:
आमचा डॅशहुंड पाच वर्षांचा आहे. काल संध्याकाळी सोफ्यावरून उतरल्यावर तो पाठीला बाक काढून उभा राहिला आणि रात्रीपर्यंत त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकू लागले. आज तो स्वतः उभा राहतो, पण चार पावले टाकली की मागचा भाग एका बाजूला कलंडतो. खाणेपिणे नेहमीसारखे आहे, जखम किंवा सूज दिसत नाही. कॅल्शियम कमी झाले असावे असे एका परिचितांचे मत आहे. दोन दिवस विश्रांती देऊन पाहावे का?

उत्तर:
थांबू नका, आजच पशुवैद्यांकडे न्या. कॅल्शियम कमी झाल्यास सहसा थरथर, ताठरपणा किंवा झटके दिसतात, आणि तेही बहुधा पिलांना पाजणाऱ्या मादीत. उलट डॅशहुंड, बीगल, फ्रेंच बुलडॉग अशा जातींत मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कोरड्या पडतात आणि त्यांत कॅल्शियमचे क्षार साठतात; मग साध्या उडीनेही चकती फुटून आतला भाग मज्जारज्जूवर दाबला जातो. आज लटपटणारा कुत्रा काही तासांत पूर्ण लुळा पडू शकतो, म्हणून दोन दिवसांची वाट पाहणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर:
चकतीची शक्यता सर्वाधिक हे मान्य, तरी इतर कारणे विसरू नयेत. धावताना क्षणभर केकाटून एका बाजूचा पाय लुळा पडला, पुढे वेदना राहिली नाही आणि पहिल्या दिवसानंतर लक्षणे वाढली नाहीत, तर चकतीच्या कणाने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडल्याची शंका येते. त्यात शस्त्रक्रिया लागत नाही. पंजे थंड व नखे निळसर असतील, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. नेमके निदान बहुतेक वेळा एमआरआयने होते.

मूळ प्रश्नकर्ता:
दुपारची वेळ मिळाली आहे. मागचा पंजा उलटा टेकवला, तर तो तसाच राहतो, लगेच सरळ करत नाही. मात्र बोट चिमटल्यावर पाय आखडून घेतो. म्हणजे संवेदना शाबूत आहे ना?

उत्तर:
पंजा उलटा राहणे म्हणजे पायाच्या स्थितीची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. चिमटल्यावर पाय आखडणे ही मात्र निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. ती मज्जारज्जूच्या खालच्या भागातूनच होते आणि वरचा मार्ग पूर्ण तुटला तरी टिकू शकते. कुत्र्याने मान वळवून पाहिले, केकाटले किंवा चावायचा प्रयत्न केला, तरच वेदना मेंदूला कळली असे म्हणता येते. सारे भवितव्य बऱ्याच अंशी याच फरकावर ठरते: खोल वेदनेची संवेदना शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली तर बहुसंख्य कुत्रे पुन्हा चालतात, ती गेल्यावर सुमारे निम्मेच. तुमचा कुत्रा अजून स्वतः उभा राहतो, ही चांगली बाजू आहे. वारंवार चिमटे काढून पाहू नका. ही तपासणी डॉक्टरांना करू द्या.

उत्तर:
नेताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवून पाठ आडवी व सरळ राहील असे उचला, किंवा सपाट फळीवर झोपवा. सकाळपासून लघवी झाली का, हे आवर्जून सांगा, कारण मूत्राशय तुंबले तर ते दाबून रिकामे करावे लागते. शस्त्रक्रिया न करता उपचार ठरले, तर साधारण चार ते सहा आठवडे पिंजऱ्यातच विश्रांती द्यावी लागेल. वेदना थांबताच कुत्रा उड्या मारू पाहतो आणि बरे होणे तिथेच बिघडते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. आज एखादे इंजेक्शन दिले, तर ते स्टेरॉइड आहे का हे विचारून नाव लिहून घ्या, कारण स्टेरॉइडसोबत दुसऱ्या कोणी सूज कमी करणारे वेदनाशामक दिले, तर आतड्यात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.