रोजचं बायबलवाचन आणि प्रार्थना टिकत नाही, मदत हवी आहे

निवासमंडपात_अडकलो
सर्वांना प्रभूत सलाम. दरवर्षी जानेवारीत 'वर्षभरात पूर्ण बायबल' सुरू करतो. उत्पत्ती झपाट्यात होतं. निर्गममध्ये निवासमंडपाची, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूची, मापं, पडदे, कड्या आल्या की गाडी थांबते. एकदा दिवस चुकला की थकबाकी वाढत जाते आणि मग ॲप उघडायचीही लाज वाटते. प्रार्थनेचंही तेच. टिकेल असा उपाय सांगा. 'मनापासून प्रार्थना करा, सगळं होईल' हे कृपया सांगू नका, ते मंडळीत दर रविवारी ऐकतो.

कोपऱ्यातला
किती वेळ मिळतो? कधी बसता? एकटे की घरच्यांबरोबर? एवढं तरी लिहा राव.

पहाटेचा_पहारेकरी
बेटा, मार्क १:३५ वाच. प्रभू येशू पहाटे, अंधार असतानाच, उठून अरण्यात गेला आणि तिथे त्याने प्रार्थना केली. साडेचारला ऊठ, आंघोळ कर, गुडघे टेक. माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना हेच लावलं, आणि आज सत्तरीतही मोडलेलं नाही. मोबाइल लांब ठेव. सगळा दोष मोबाइलचा आहे.

निवासमंडपात_अडकलो
काका, साडेचारला मी कंपनीत मशीनवर असतो. म्हणजे नाइटच्या आठवड्यात. चाकणला आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते.

कोपऱ्यातला
हे आधी सांगायचं ना! मग घड्याळाची वेळ तुम्हाला कधीच लागू पडणार नाही. फर्स्ट असो वा नाइट, झोपून उठल्यावरचा पहिला चहा तर होतोच? चहाआधी वाचन, एवढंच ठरवा. वेळ बदलली तरी क्रम बदलत नाही.

डंडीकर
मॅक्चेन यांचा बायबलवाचनाचा तक्ता वापरा. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या या पाळकांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केला होता. रोज चार ठिकाणचे चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. चारही ठिकाणं वेगळी असल्याने मंडपाच्या मापांबरोबर त्या दिवशी दुसरं काहीतरी जिवंत हाती लागतं.

कोपऱ्यातला
ज्याला दिवसाला सव्वातीन अध्याय झेपत नाहीत त्याला चार? बायबलचे एकूण १,१८९ अध्याय भागिले ३६५ दिवस करून बघा.

डंडीकर
प्रश्न आकड्याचा नाही, एकसुरीपणाचा आहे. मी कित्येक वर्षं करतोय.

कोपऱ्यातला
तुम्ही निवृत्त आहात.

सीएनआय_पुणे
भांडू नका. आमच्या अँग्लिकन वळणाच्या घरात प्रार्थनापुस्तकाची पद्धत होती. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या पुस्तकात दीडशे स्तोत्रं ३० तारखांवर वाटली आहेत, सकाळ आणि संध्याकाळ. १ तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. दिवस चुकला तर मागचं भरून काढायचं नाही, आजची तारीख उघडायची. थकबाकी नावाचा प्रकारच नाही. ११९वं बघून घाबरू नका. १७६ ओव्या २४ ते २६ तारखांत तोडून दिल्या आहेत. १५ तारखेच्या संध्याकाळी मात्र ७८वं एकट्याने दमवतं.

वसईची_माय
जय ख्रिस्त. मी कॅथलिक, तुम्ही कोणत्या पंथाचे ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे रोजच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनं ठरलेली असतात, काय वाचू हा प्रश्नच येत नाही. शिवाय संत इग्नाशियस यांचं आत्मपरीक्षण करून बघा. आधी आभार, मग प्रकाश मागायचा, दिवस उलगडून पाहायचा, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी एक निश्चय. त्यांच्या संघाचे जेझुइट फादर दुपारी आणि रात्री असं दोनदा करतात. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पुस्तकही लागत नाही. कंपनीच्या बसमध्ये जमेल.

पहाटेचा_पहारेकरी
ताई, वाचनाची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही. आणि जपमाळेची पुनरुक्ती तर मत्तय ६:७ मध्ये, प्रार्थनेत निरर्थक बडबड करू नका म्हणत, प्रभूनेच नाकारली आहे.

वसईची_माय
काका, जपमाळेचा शब्द मी काढलाच नव्हता! आणि काढलात तर ऐका. ओठांवर जप असतो, मनात येशूच्या जीवनातले प्रसंग असतात. बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, शेवटचं भोजन असे प्रसंग 'प्रकाशाची रहस्यं' म्हणून पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जपमाळेत जोडले. निरर्थक बडबड कोणती ते सांगा.

गोडघाशी
लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपवासात मधुमेहींनी दिवसभर उपाशी राहू नये. डॉक्टरांना विचारून एक जेवण हलकं करा, नाहीतर गोड सोडा. राखेच्या बुधवारापासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, मी चहातली साखर सोडतो.

कोपऱ्यातला
उपवासाचं कोणी विचारलं?

जुनी_पुस्तके
विषय निघालाच आहे तर, पंडिता रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल कुणाकडे आहे का? केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातलं, १९२४ चं. बाई १९२२ लाच गेल्या, छापलेलं पूर्ण बायबल त्यांना बघायला मिळालं नाही.

निवासमंडपात_अडकलो
वसईच्या ताई, बायको तुमच्याकडचीच आहे. तिची जपमाळ रात्री नऊला, सासूबाई असल्या की सगळं घर बसतं. मी आतल्या खोलीत माझं ॲप घेऊन बसतो. खरं तर कंटाळा तिथेच येतो, एकट्याने. मुलगी विचारते, पप्पा वेगळे का बसतात.

वसईची_माय
अहो भाऊ, हे शेवटी सांगताय! तिला विचारा, जपमाळेआधी एक स्तोत्र तुम्ही वाचलेलं चालेल का. स्तोत्रं दोघांच्याही बायबलात आहेत. मुलीलाही एक ओवी वाचायला द्या.

सीएनआय_पुणे
संध्याकाळच्या वाटणीतलं एकच घ्या. सेकंडच्या आठवड्यात त्या दोघी वाचतील, तुम्ही तेच जेवणाच्या सुट्टीत वाचा.

पहाटेचा_पहारेकरी
स्तोत्र वाचायला माझी हरकत नाही. जपमाळेबद्दल माझं मत तेच आहे.

निवासमंडपात_अडकलो
बायको म्हणाली चालेल, पण ७८वं नको. आजपासून बघतो. डंडीकर काका, तो तक्ता पुढच्या जानेवारीत.

डंडीकर
जानेवारी कशाला? आजच्या तारखेपासून धरा.

जुनी_पुस्तके
रमाबाईंच्या बायबलचं कोणीच सांगितलं नाही.