मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलला आणि एमएस ऑफिस बंद पडलं

गेल्या आठवड्यात लॅपटॉपचा मदरबोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला. डिस्क तीच, विंडोज ११ तेच, फायली जागच्या जागी. पण लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१ उघडलं की वर 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट'. फाईल वाचता येते, टाईप करायला गेलं की अक्षर उमटत नाही.

केलेले उपाय: विंडोजही रुसलं होतं, ते ट्रबलशूटमध्ये 'हार्डवेअर बदललंय' निवडल्यावर सुरू झालं. ऑफिसचं क्विक आणि ऑनलाईन रिपेअर दोन्ही झालं. मायक्रोसॉफ्ट खातं जुनंच आहे, त्यात ऑफिस २०२१ दिसतंही. प्रॉडक्ट की (ऑफिस सुरू करायचा कोड) छापील कधी मिळालीच नव्हती. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "सॉफ्टवेअर आमच्याकडे येत नाही." (बोर्ड मात्र त्यांनीच बदलला!) खरेदीचं बिल आणि जुन्या-नव्या बोर्डाचे नंबर असलेली जॉबशीट हाताशी आहे.

लिब्रेऑफिस वापरून पाहिलं, पण सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल मॅक्रोवर (आपोआप चालणाऱ्या आज्ञांवर) चालते, ती तिथे अडखळते. क्रॅक (चोरीची कॉपी) नको.

फोन अ‍ॅक्टिव्हेशनने हे सुटतं का, की लायसन्स लॅपटॉप कंपनीकडूनच मागावं लागतं? कुणाला मिळालं असेल तर नुसती जॉबशीट चालली की बिलही लागलं?