मदत हवी आहे: डीओच्या अर्जाचं पर्सनल स्टेटमेंट

नमस्कार मंडळी, लेक यंदा अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूल्सना अर्ज करतेय. तिथे एमडीऐवजी डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) ही डॉक्टरकीची पदवी मिळते. निबंधाला ५३०० कॅरेक्टर्सची मर्यादा, तीही स्पेस धरून. एमडीच्या अर्जाचाच मजकूर चिकटव, असं मैत्रिणी सांगतात. मला ते पटत नाही.

तिच्याकडे सांगण्यासारखं खरंच आहे. एका डीओ डॉक्टरांसोबत ती शॅडोइंग करत होती, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघत होती, तेव्हा त्यांनी कंबरदुखीच्या आजोबांना आधी हातांनी तपासलं, मग घरी कोण असतं, झोप लागते का, हे विचारलं. त्या दिवशी तिला आपली आजी आठवली. पण मसुद्यात हे दोनच ओळींत उरकलंय, बाकी सगळं ‘शरीर, मन, आत्मा एक’ हे तत्त्व आणि ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांचा इतिहास!

कुणी ताई-दादा डीओ झालेत का? सुरुवात आजोबांपासून करावी की आजीपासून? आणि ‘डीओच का’ हे पाठ केल्यासारखं न वाटता कसं लिहावं?