सरकारचा पैसा नेमका कसा फिरतो हे समजून घ्यायचंय, कुठून सुरुवात करू?

लकडगंजची_वहिनी
नमस्कार मंडळी. आमचं नागपूरच्या लकडगंजात छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे, माल हे बघतात आणि हिशोब, बिलं, जीएसटी सगळं माझ्याकडे. फेब्रुवारीत एका सरकारी वसतिगृहाची ऑर्डर मिळाली, ४० लोखंडी पलंग आणि ४० कपाटं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माल पोचवला, बिल दिलं, आता नोव्हेंबर चालू आहे आणि एक रुपया आला नाही. पण मी इथं रडायला नाही आली. माझा प्रश्न वेगळा आहे. आतापर्यंत चार चकरा झाल्या आणि चारही वेळा वेगळं उत्तर. पहिल्यांदा म्हणे ग्रँट आली नाही, मग म्हणे ग्रँट आहे पण बीम्सवर (राज्य सरकारची निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली) दिसत नाही, मग म्हणे कोषागारानं ऑब्जेक्शन काढलं, आणि परवा म्हणे आता पुरवणी मागणीत बघू. मी बीकॉम आहे, ताळेबंद वाचता येतो, पण ह्या चार वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध तो काही लागत नाही. बजेट तर मार्चमध्येच पास होतं ना, मग पैसा असतो कुठं? कोणी सांगा की ही अख्खी सिस्टीम समजायला काय वाचू, कुठून वाचू. मराठीत असेल तर बरं.

एमपीएससी_चौथा_अटेम्प्ट
ताई, राज्यघटनेपासून सुरू करा. कलम २०२ ते २०६, मग २६६ आणि २६७. एवढं वाचलं की ढाचा कळतो. सरकारचे तीन खिसे आहेत. एकत्रित निधी, ज्यात सगळे कर, कर्ज वगैरे येतं आणि ज्यातून विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय पैसा निघत नाही. आकस्मिकता निधी, म्हणजे अचानक खर्च आला आणि अधिवेशन चालू नसलं तर तिथून उचलायचे आणि नंतर मंजुरी घेऊन भरून टाकायचे. आणि तिसरं लोकलेखा, तो पैसा सरकारचा नसतोच, सरकार फक्त सांभाळतं, जसं कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी. पुरवणी मागणी म्हणजे वर्षाच्या मधेच विधिमंडळाकडे मागितलेली जादा मंजुरी, कलम २०५. पेपर टूला हमखास येते.

निवृत्त_लेखा
पोट्ट्या, बरोबर सांगितलं, पण एवढ्यानं ताईंचं बिल कुठं अडकलं ते कळणार नाही.

ताई, मी लेखा शाखेत आयुष्य काढलं, त्यातली सुरुवातीची वर्षं कोषागारात. माझा सल्ला उलटा आहे. पुस्तक नका घेऊ, तुमचाच पुरवठा आदेश हातात घ्या आणि मागं मागं जा. त्यावर नाही तर त्याच्या मंजुरीच्या जीआरवर कुठंतरी एक लेखाशीर्ष असेल, म्हणजे खर्च कोणत्या खात्यात मांडायचा त्याचा क्रमांक, कंसात आठ आकडे असतील. त्यातले पहिले चार मुख्य लेखाशीर्ष. वसतिगृह आहे म्हणजे बहुतेक २२२५ असेल, शाळेचं काही असतं तर २२०२. पहिला आकडाच बरंच सांगतो. शून्यानं सुरू झालं तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली, ६ किंवा ७ कर्ज, आणि ८ म्हणजे ह्या पोट्ट्यानं सांगितलेले आकस्मिकता निधी आणि लोकलेखा. तुमच्या बिलातून सुरक्षा अनामत कापतात ना, ती आठवर जाते, म्हणून ती परत द्यायला विधानसभेत मागणी लागत नाही. त्या आठ आकड्यांच्या पुढं शेवटी उद्दिष्ट असतं, म्हणजे खर्च कशावर त्याचे दोन आकडे, ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, २१ सामग्री व पुरवठा, ५२ यंत्रसामग्री, असं. हे शेवटचे दोन आकडे क्षुल्लक वाटतात पण अर्धी भांडणं तिथंच होतात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मार्चमध्ये जे पास होतं तो पैसा नसतो, ती परवानगी असते. अमुक शीर्षाखाली ३१ मार्चपर्यंत अमुक इतका खर्च करता येईल, एवढंच. मग वित्त विभाग ती परवानगी टप्प्याटप्प्यानं सोडतो, सगळी एकदम कधीच नाही, कारण कराचा पैसा वर्षभर थोडा थोडा येतो आणि पगार, पेन्शन, व्याज आधी भागवावं लागतं. हे सोडणं म्हणजे वितरण, आणि ते बीम्सवर होतं. मंत्रालयातला विभाग नियंत्रक अधिकाऱ्याला देतो, तो खाली आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे ऑफिसातला बिल काढणारा अधिकारी, ज्याला सगळे डीडीओ म्हणतात त्याला. डीडीओच्या नावावर त्या शीर्षात, त्या उद्दिष्टात रक्कम दिसली तरच बीम्सवरून प्राधिकारपत्र निघतं आणि ते जोडून बिल कोषागारात जातं. म्हणजे "ग्रँट आहे पण बीम्सवर नाही" हे वाक्य अगदी खरं असू शकतं. तरतूद मुंबईत आहे, खाली उतरली नाही.

आणि एक गैरसमज काढा. कोषागारात पैसा नसतो. लोकांना वाटतं आत तिजोरी आहे आणि आम्ही चावी घेऊन बसलोय. खातं रिझर्व्ह बँकेत. कोषागार फक्त बघतं की मंजुरी आहे का, सही अधिकाऱ्याची आहे का, शीर्ष बरोबर आहे का, वितरण शिल्लक आहे का. एक जरी चुकलं तर ऑब्जेक्शन. बिल पास झालं की त्याचं व्हाउचर होतं आणि अशी गठ्ठ्यानं व्हाउचरं दर महिन्याला आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या महालेखापालांकडे जातात, विदर्भ आणि मराठवाड्याचं ते बघतात. तिथं राज्याचे लेखे बनतात. गंमत बघा, केंद्रानं १९७६ साली लेखा आणि लेखापरीक्षा वेगळे केले, पण राज्यांचे लेखे आजही कॅगच्या, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या खात्याचेच लोक तयार करतात आणि त्याच खात्याचे दुसरे लोक तपासतात.

बर्डीवरचा_वार्ताहर
काका, मस्त लिहिलं, पण तुमच्या पद्धतीनं पाइप कळतो, नळ कोण फिरवतो ते नाही कळत. वहिनी, तुमच्या ऑफिसनं "पुरवणीत बघू" म्हटलंय आणि डिसेंबरात अधिवेशन आपल्याच गावात आहे, तर पुरवणी मागण्यांचं पुस्तक डाउनलोड करा. सुरुवातीच्या एकदोन दिवसांतच सभागृहात मांडतात. भाषा सरकारी आहे पण प्रत्येक मागणीखाली स्पष्टीकरणाचा परिच्छेद असतो, पैसा का लागला ते लिहिलेलं असतं. आणि मधे मधे फक्त हजार रुपयांच्या मागण्या दिसतील, मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा छपाईची चूक समजलो होतो 😄 त्याचा अर्थ असा की पैसा त्यांच्याकडे दुसऱ्या शीर्षात शिल्लक आहे, पण नव्या कामाला सभागृहाची मान्यता हवी म्हणून नावाला हजार मागायचे.

ते झालं की कॅगचा राज्य वित्त अहवाल घ्या, आणि त्यातलं बजेटवरचंच प्रकरण आधी वाचा, बाकी नंतर. कोणत्या विभागानं पुरवणी मागून घेतली आणि मूळ तरतूदसुद्धा संपवली नाही, कुठं मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला, मार्च महिन्यात किती घाई झाली, सगळं तिथं आहे. जास्तीचा खर्च नियमित करायचा तर तोही कलम २०५ नेच परत विधिमंडळासमोर जातो, आधी विधिमंडळाची लोकलेखा समिती तपासते. मी दहा वर्षं अधिवेशन कव्हर करून जे शिकलो नव्हतो ते त्या एका प्रकरणानं शिकवलं. (प्रेस गॅलरीत पुरवणीच्या चर्चेला चार लोक असतात, बाकी सगळे बाहेर बाइट घ्यायला, तो वेगळा विषय.)

सावनेरचा_अभियंता
मी थोडं वेगळं सांगतो. आधी हे विचारा की योजना राज्याची आहे का केंद्राची, कारण केंद्र पुरस्कृत असली तर रस्ताच वेगळा. तिथं पीएफएमएस येतं, म्हणजे केंद्राची पैसे वाटायची ऑनलाइन प्रणाली. पूर्वी केंद्राचा हप्ता यायचा आणि राज्यात वाटेवरच्या पन्नास बँक खात्यांत पडून राहायचा, एकीकडे सरकार व्याजानं कर्ज काढून राहिलं आणि दुसरीकडे त्याचाच पैसा बँकेत झोपलेला. मग २०२१ मध्ये नियम केला की एका योजनेला राज्यात एकच नोडल एजन्सी आणि तिचं एकच खातं, खालच्या सगळ्यांची शून्य शिल्लक खाती, त्यांना फक्त मर्यादा मिळते. आता तर त्याच्याही पुढं गेलेत, खर्चाच्या वेळेलाच पैसा निघावा असं स्पर्श म्हणून चालू झालंय. चांगलं आहे, पण मधे एक मॅपिंग चुकलं तर अख्ख्या जिल्ह्याची बिलं थांबतात, आम्ही भोगलंय.

आणि महानगरपालिका, जिल्हा परिषद ह्यात घालू नका, त्यांचा निधी वेगळा, लेखापरीक्षा वेगळी, आधी राज्याचं समजा.

धरमपेठ_सीए
एवढं सगळं शिकण्यापेक्षा, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पुरवठ्याच्या आधीची आहे का तुमची? असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांच्या वर उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. एमएसएमई मंत्रालयाच्या थकबाकी तक्रारींच्या पोर्टलवर टाका.

लकडगंजची_वहिनी
आहे हो नोंदणी, आणि ते मलाही माहीत आहे, पण यांचं म्हणणं पडलं की पुढच्या टेंडरला तिथंच तोंड दाखवायचंय. शेवटचा उपाय म्हणून ठेवलंय.

काका, तुमचं वाचून जीआर शोधला. २२२५ च निघालं! आणि उद्दिष्ट १३ लिहिलंय. म्हणजे आमचे पलंग कार्यालयीन खर्च?

निवृत्त_लेखा
हं. आता कळून राहिलं मला. उद्या जाल तेव्हा "बिल कधी निघेल" असं विचारू नका. तीन गोष्टी विचारा. कोषागाराचं ऑब्जेक्शन लेखी काय आहे, त्याची पूर्तता कोणत्या तारखेला केली, आणि ३१ मार्चला ती रक्कम समर्पित केली का, म्हणजे खर्च झाली नाही म्हणून वर परत केली का. लेखी देत नसतील तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, पण आधी गोडीनं. आणि लेखाशाखेतल्या बाबूलाच विचारा, साहेबांना नको.

लकडगंजची_वहिनी
अपडेट देते, आठ दिवस लागले म्हणून उशीर.

बाबू खरंच चांगला निघाला, मी शीर्ष आणि उद्दिष्ट म्हटल्यावर त्यानं मान वर करून बघितलं आणि खुर्ची दिली, चार चकरांत पहिल्यांदा. झालं असं, की २४ मार्चला बिल गेलं, कोषागारानं परत केलं, पलंग-कपाटं ह्या उद्दिष्टात बसत नाही म्हणून. ऑफिसनं बदलून दुसऱ्या उद्दिष्टात वितरण मागितलं, ते वरून येईपर्यंत ३१ तारीख गेली. तिकडे १३ मधली रक्कम आधीच समर्पित करून टाकलेली. म्हणजे मला मिळालेली चारही उत्तरं खरी होती, फक्त वेगवेगळ्या महिन्यांतली! कोणी खोटं बोलत नव्हतं आणि कोणी पूर्णही सांगत नव्हतं. मला आधी राग यायचा, आता डोकं दुखून राहिलं.

आता पुढं काय, काका? यंदाच्या तरतुदीतून देता येतं का मागच्या वर्षीचं?

निवृत्त_लेखा
येतं. गेल्या वर्षीची परवानगी मेली, तुमचं देणं नाही मेलं. ते प्रलंबित दायित्व म्हणून यंदाच्या तरतुदीतून देता येतं, पण त्यांनी ते वर कळवलं पाहिजे. बाबूला विचारा की नियंत्रक अधिकाऱ्याकडे जो निधी मागणीचा प्रस्ताव गेला त्यात तुमचं बिल दायित्वाच्या यादीत आहे का. यादीत नाव नसेल तर पुरवणीत कोटी आले तरी तुमच्यापर्यंत नाही येणार. आणि उद्दिष्ट ह्या वेळी बरोबर लिहिलं का ते डोळ्यांनी बघा.

लकडगंजची_वहिनी
विचारलं फोनवर. यादीत नव्हतं. आता टाकलंय म्हणाले, प्रत दाखवतो म्हणाले सोमवारी.

बर्डीवरचे भाऊ, तुमचं कॅगचं प्रकरण वाचायला घेतलंय, रोज चार पानं, जेवणं झाल्यावर. समर्पण म्हणजे काय हे आता कळतं म्हणून वाचवतं तरी, महिन्याभरापूर्वी उघडलं असतं तर बंद केलं असतं. आणि दुसरीकडून एक छोटी ऑर्डर आली परवा, टेबलं आहेत २०. मी म्हटलं आदेशावर लेखाशीर्ष आणि उद्दिष्ट लिहून द्या. तिथले साहेब हसले, म्हणे वहिनी तुम्ही ऑडिटमध्ये होत्या का. पण लिहून दिलं.

एमपीएससी_चौथा_अटेम्प्ट
ताई, त्या ऑब्जेक्शनच्या कागदाचा फोटो टाकता का, नावं खोडून? मी समर्पण आणि पुनर्विनियोजन (एका शीर्षातली रक्कम दुसऱ्यात फिरवणं) पाठ केलंय चार वर्षं, कागदावर कधी बघितलं नाही.