भाषांतराचा दर निम्म्याहून खाली, वर म्हणतात "फक्त तपासायचंय"

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहते आणि घरून इंग्रजी-मराठी भाषांतरं करते. माहितीपत्रकं, बँकेचे अर्ज, शेतीपंपांची मॅन्युअल्स, असलं. कथा-कविता नाहीत, त्यामुळे कौतुक कुणी करत नाही, पण मुलाच्या क्लासची फी यातूनच जाते. एक एजन्सी शब्दाला सव्वा रुपया द्यायची. आता मेल आलाय, की यापुढे फाईल मशीनवर भाषांतर होऊन येईल, तुम्ही "फक्त तपासा", दर पन्नास पैसे.

पहिलीच फाईल सबमर्सिबल पंपाची. शेतकऱ्याला सांगायचंय, पाणी नसताना पंप चालवू नका. मशीननं लिहिलंय, "कोरडे धावू नका". कोण धावतंय? पानंच्या पानं अशी. आधी इंग्रजी वाचा, मग मशीनचं वाचा, मग ते पुसून आपलं लिहा. यात "फक्त" काय आहे?

को-ऑर्डिनेटर मुलगी गोड बोलते, "मॅम, बाकीचे करतात पन्नास पैशात." वर दिवाळीच्या आधीचं बिल अजून "अकाउंट्सकडे" आहे. किती मागणं रास्त? आणि अडकलेले पैसे कसे काढायचे?

दोन_ओळी:
खरं सांगू का, एआयच्या जमान्यात मिळतंय ते पदरात पाडून घ्या. उद्या पन्नास पैसेही देणार नाहीत.

शाईचा_डाग:
वरच्या सल्ल्याला माझा कोपरापासून नमस्कार. ताई, त्यांच्याशी भांडण्याआधी आपलाच हिशेब मांडा. कोरं भाषांतर तुम्ही तासाला ३०० शब्द करत असाल, तर सव्वा रुपयानं ३७५ रुपये झाले. पन्नास पैशांत तेवढेच सुटायला तासाला ७५० शब्द संपवावे लागतील. स्वच्छ फाईल असेल, तीच तीच वाक्यं परत येत असतील, तर एखाद्या वेळी होतीलही. तुमच्या धावणाऱ्या पंपावर नाही होणार.

म्हणून मशीनच्या फाईलला मी शब्दाचा दर लावतच नाही, तासाचा लावते. आधी फाईल मागवते, मधली दोन-तीन पानं घड्याळ लावून करते आणि मग किती तास लागतील ते कळवते. पहिली पानं बघू नका, तिथं सूचना आणि पत्ते असतात, ते मशीनला बरं जमतं. फारच गचाळ असेल तर स्पष्ट लिहायचं, "ही फाईल नव्याने करावी लागेल, जुना दर लागेल." दोनदा असं झालं की त्यांचीच माणसं मशीनकडे काय पाठवायचं ते ठरवायला लागतात.

आणि एक विचारून घ्या, शब्द मोजतात कुठल्या फाईलवर? आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत साडेसातशे-आठशेच भरतात. मराठी फाईलवर मोजत असतील तर सव्वा रुपया म्हणजे मुळात रुपयाच्या आसपासच मिळत होता. इंग्रजीवर मोजायला लावा. दर न वाढवता वाढ मिळते, समोरच्यालाही फार टोचत नाही.

बाकीचे पन्नास पैशात करतात, तर करू देत. त्यांची फाईल दुरुस्त करायला नंतर मलाच फोन येतो, आणि तेव्हा मी अजिबात सूट देत नाही.

खतावणी:
बिलाचं सांगतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. मात्र नोंदणी आधी आणि काम नंतर, हा क्रम पाळा. जुन्या बिलाला याचा उपयोग होईल असं धरून चालू नका, त्याचा पाठपुरावा मेलवरच करा. फोनवरचं "बघतो मॅडम" पुढे कुठे दाखवता येत नाही.

टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी कापलेला आयकर, कापत असतील तर तो आयकराच्या वेबसाइटवर तुमच्या नावावर दिसतोय का, तेही बघा. कापला आणि भरलाच नाही, असंही होतं.

मालिकावाला:
४५ दिवस वाचून हसू आलं. आमच्याकडे एपिसोड लागल्यावर ९० दिवसांनी पैसे, तेही निर्मात्याला चॅनेलकडून आले तर. खतावणी, कायदा दाखवल्यावर पुढचं काम कोण देतं हो?

खतावणी:
दाखवायचा नाहीच. बिलावर उद्यम क्रमांक छापायचा आणि गप्प बसायचं. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, की मुदत उलटून गेलेली अशी थकबाकी मार्चअखेर राहिली, तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. जेव्हा पैसे देतील त्या वर्षी मिळतो. मार्चमध्ये त्यांचा सीए अशी बिलं शोधत बसतो. मग अकाउंट्सचा फोन स्वतःहून येतो, "मॅडम, बँक डिटेल्स पाठवता का?"

कृष्णाकाठची:
मंडळी, आभार! कामाच्या ऑर्डरी काढून बघितल्या, मोजणी मराठी फाईलवरच आहे. कुणी बोललंच नव्हतं. पंपाची मधली पानं घड्याळ लावून केली, तासाला साडेतीनशेच्या वर गेलेच नाही. हाच आकडा मेलमध्ये टाकून ताशी दर मागितलाय. अजून उत्तर नाही. शाईचा_डाग, नकार आला तर तुमच्याकडच्या त्या दुरुस्तीच्या फाईलींतली एखादी इकडे सरकवा.