अनुभव धागा : फ्रेंच शिकण्यासाठी महाविद्यालय कसे निवडले?

माझ्या भाचीला फ्रेंच हा मुख्य विषय घेऊन पदवी घ्यायची आहे. तिच्यासमोर चार महाविद्यालयांची माहितीपत्रके आहेत आणि नाव झाकले तर एकमेकांपासून वेगळी ओळखता येणार नाहीत इतकी ती सारखी आहेत. म्हणून ज्यांनी ही भाषा महाविद्यालयात शिकली किंवा शिकवली आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

सुरुवात माझ्यापासून करते. मी केवळ नाव पाहून प्रवेश घेतला होता. तीन वर्षे सतराव्या शतकातील नाटकांवर निबंध लिहिले आणि गुणही चांगले मिळवले. पदवीनंतर डेल्फ या फ्रेंच भाषा-प्रावीण्य परीक्षेची बी-2 ही वरची मध्यम पातळी दिली, तेव्हा वाचनात 22, लेखनात 20, श्रवणात 10 आणि संभाषणात 4 असे गुण पडले. बेरीज 56 होते आणि उत्तीर्ण होण्यास 100 पैकी 50 पुरतात; परंतु चारही विभागांत 25 पैकी किमान 5 गुण लागतात, त्यामुळे मी अनुत्तीर्ण ठरले. तीन वर्षांत वर्गात माझ्याशी कोणी फ्रेंचमध्ये बोललेच नव्हते, हे त्या एका गुणाने मला सांगितले.

एक प्राध्यापक

अभ्यासक्रमाची पुस्तिका पाहू नका, मागील तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागा. पुस्तिकेत ‘चारही कौशल्यांचा विकास’ असे सगळेच लिहितात (आम्हीही लिहितो), पण ज्या कौशल्याला परीक्षेत गुण नाहीत, ते वर्षअखेरीस मागे पडते. दुसरी गोष्ट तासांच्या हिशेबाची. शून्यापासून बी-2 पर्यंत पोहोचण्यास साधारणपणे 500 ते 600 तासांचे अध्यापन लागते, असे मानले जाते. आठवड्याला चार तास आणि वर्षाचे 30 आठवडे धरले, तर तीन वर्षांत 360 तासच भरतात. त्यामुळे पदवीबरोबर बी-2 देण्याचा मनसुबा असेल, तर उरलेले तास कुठून येणार, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. एखादे महाविद्यालय स्वतःहून ‘बाहेर वर्ग लावावा लागेल’ असे सांगत असेल, तर त्यावर माझा अधिक विश्वास बसेल.

सध्या भाषांतराचे काम

आमच्या वर्गात शाळेत पाच वर्षे फ्रेंच शिकलेली मुले आणि माझ्यासारखे मुळाक्षरांपासून सुरुवात करणारे एकाच बाकावर होते. शिक्षिकांचा नाइलाज होता. त्या मधल्या पातळीवर शिकवत आणि दोन्ही टोकांची मुले कंटाळत. प्रवेशाच्या वेळी पातळी ठरवणारी चाचणी होते का आणि त्यानुसार तुकड्या पडतात का, हा प्रश्न मी आज सर्वांत आधी विचारेन. फ्रेंचमध्ये नवख्याची अडचण कानाची असते. ‘बोलणे’ या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’ आणि ‘ते’ यांच्याबरोबरची रूपे लिहिताना तीन वेगळी, पण ऐकताना तिन्ही ‘पार्ल’. ‘ले’ आणि ‘आमी’ हे दोन शब्द शेजारी आले की उच्चार ‘लेझामी’ होतो. लिहिलेला पण एरवी मुका असलेला ‘एस’ अचानक बोलू लागतो. हे फळ्यावरून कळते, पण कानात बसत नाही. ध्वनिमुद्रिते रोज ऐकवणारा वर्ग मिळाला, तर इमारत जुनी असली तरी चालेल.

वेगळे मत

साहित्यावर इतका राग नको. पहिल्या लेखात ज्या निबंधांची तक्रार आहे, तशाच निबंधांमुळे मला ‘पासे सँप्ल’ हा भूतकाळ अंगवळणी पडला. तो आज बोलण्यात जवळजवळ येत नाही, पण कादंबऱ्यांत पानोपानी भेटतो. साहित्याचे भाषांतर किंवा संशोधन करायचे असेल, तर बोलण्यावर भर देणारे महाविद्यालय अपुरे पडेल. भाचीला पुढे काय करायचे आहे, हे धाग्यात आलेलेच नाही.

विद्यार्थी-आदानप्रदानाबद्दल थोडेसे

माहितीपत्रकात फ्रान्समधील सहामाहीचे छायाचित्र होते. जागा दोनच होत्या आणि अट बी-2 ची होती, हे दुसऱ्या वर्षी कळले. जागा, अट आणि खर्च लेखी विचारा.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. भाचीला दुभाषी व्हायचे आहे, हे आधीच लिहायला हवे होते. तिने परवानगी घेऊन दोन महाविद्यालयांत एकेक तास बसून पाहिले. पहिल्या ठिकाणी तासभर क्रियापदांचा तक्ता उतरवून घेतला गेला. दुसऱ्या ठिकाणी मुले एकमेकांना दूरध्वनी क्रमांक सांगत होती आणि ऐकणारा लिहून घेत होता. 99 ला फ्रेंचमध्ये ‘चार-वीस-दहा-नऊ’ म्हणतात आणि नुसते ‘चार-वीस’ म्हणजे 80, त्यामुळे निम्म्यांनी 80 लिहून खोडले, आणि शिक्षकांनी तोच क्रमांक पुन्हा, आणखी वेगाने सांगायला लावला. भाचीनेही तो चुकीचाच लिहिला. त्या महाविद्यालयाकडे तिने प्रश्नपत्रिका मागितल्या आहेत.