मुलांच्या बागेविषयी मुलांना विचारावे की नाही?

नेरुळची आई
"खेळाची जागा आखणे हे तज्ज्ञांचे काम आहे, रहिवाशांची सभा भरवली की नुसता गोंधळ होतो," हे 'निवृत्त अभियंता' यांचे काल रात्रीचे विधान वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या सेक्टरमधील बागेचे नूतनीकरण झाले तेव्हा सूचना मागवणारा कागद फाटकावर आठ दिवस चिकटवलेला होता आणि तो अशा उंचीवर होता की माझ्या सात वर्षांच्या मुलीला टाचा उंचावूनही वाचता येत नव्हता. आता घसरगुंडीचा पत्रा पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून उभा आहे आणि शाळा सुटून मुले येतात नेमके तेव्हा त्यावर बसवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत ३१ वे कलम खेळाच्या हक्काचे आहे, तर १२ वे मुलांचे म्हणणे ऐकून घेण्याचे. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. आमच्या फाटकापर्यंत ती अजून पोहोचायची आहे.

निवृत्त अभियंता
पत्र्याची दिशा चुकली, हे मान्य. मात्र ती टाळायला सभा नव्हे, सूर्य कुठे मावळतो एवढे ठाऊक असलेला माणूस लागतो. ठाण्यात मी अशा तीन सभांना बसलो आहे. पहिली पार्किंगने खाल्ली, दुसरी भटक्या कुत्र्यांनी, आणि तिसरीत खेळाविषयी जेमतेम चार मिनिटे बोलणे झाले. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि तिने सेक्टर आखले, तेव्हा विचारायला इथे रहिवासी होतेच कुठे? शिवाय मुलांना विचारले तर ती वाळू मागतील, आणि वाळू म्हणजे मांजरांचे शौचालय.

घणसोली गावठाण
रहिवासी नव्हते? ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे आहे, साहेब! आमचे वडील खाडीकाठच्या मातीत खेळून मोठे झाले. त्यांना कोणती मांजर चावली नाही. रबराच्या लाद्यांवर मे महिन्यात अनवाणी उभे राहून दाखवा, मग वाळूला नावे ठेवा.

निवृत्त अभियंता
गावांचा उल्लेख राहून गेला, ही माझी चूक. वाळूबद्दल मात्र माघार नाही. झोक्याखालची वाळू पायांनी उडते आणि महिनाभरात तिथे खड्डा पडतो. ती नियमित भरली व चाळली नाही, तर पडणारे मूल थेट कठीण जमिनीवर आपटते.

ऐरोलीची आजी
माझ्या नातवाचा हात काँक्रीटवर पडून मोडला, तेव्हा त्या बागेत मांजर नव्हते आणि वाळूही नव्हती. ज्येष्ठांसाठी बसवलेल्या व्यायामाच्या यंत्रावर तो चढला होता, कारण दहा वर्षांच्या मुलाने खेळावे असे तिथे दुसरे काहीच नव्हते. ती यंत्रे आमच्याच सभेने मागितली होती आणि हात वर करणाऱ्यांत मीही होते. सभेत मुले असती, तर निदान एकाने तरी विचारले असते, "आजी, मग आम्ही कुठे चढायचे?"

निवृत्त अभियंता
म्हणजे सभेने चुकीचे मागितले, हे सिद्ध झाले. आभारी आहे.

नेरुळची आई
अर्ध्याच लोकांच्या सभेने, असे म्हणा.

निवृत्त अभियंता
बरे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी मोजायची टेप घेऊन आपल्या बागेत येतो. मुलांनी बोलावे, मी लिहून घेईन. पार्किंगचा विषय निघाला, तर उठून जाईन.

नेरुळची आई
सकाळी सातला नको. दुपारी साडेचारला या आणि आधी पत्र्यावर हात ठेवून पाहा.